कडेची चूल

अठ्ठावीस वर्षं मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात कादंबरी शिकवते आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं एकाच माणसाबद्दल बोलण्यात गेली. कादंबरी बदलते, देश बदलतो, माणूस तोच. त्याला नोकरी असते, पण ती आपली वाटत नाही. घर असतं, पण घरातल्यांचं बोलणं त्याच्या कानावरून जातं. लोक ज्याला रीत म्हणतात तिचा अर्थ त्याला लागत नाही, आणि लागत नाही हे तो लपवतही नाही. मग एक दिवस त्याला कळतं, की आपल्यावर कुणाचाच हक्क नाही, आपण काय व्हायचं ते आपणच ठरवायचं आहे. या कळण्याला समीक्षक त्याची मुक्ती म्हणतात. 'अस्तित्ववादी कादंबरीतील परका नायक' हा पंधरा गुणांचा प्रश्न दर दोन वर्षांनी येतोच.

एकदा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्याला डबा कोण देतं?" ही मुलगी सकाळी गोठ्यातलं उरकून एसटीनं कॉलेजला यायची. वर्ग हसला. मी जरा फटकारूनच सांगितलं, की कादंबरीत डब्याचा प्रश्न नसतो. ती खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं होतं, पण मला पुढचा मुद्दा सांगायचा होता.

मला स्वतःला हा नायक कधी परका वाटला नाही. मी स्वतःला त्याच्या भावकीतली समजत आले. लग्न केलं नाही. वास्तुशांत न करता फ्लॅटमध्ये राहायला गेले. बारशी, जागरणं, जावळं, कशालाच गेले नाही, तेव्हा हळूहळू बोलावणीही बंद झाली. त्याचं वाईट वाटत नाही असं मी सांगत असे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "आमच्या आबांवर गेलेय मी." आबा म्हणजे माझे वडील.

आमचं घर जत तालुक्यातलं, धनगराचं. पावसाचं पाणी कसंबसं दिवाळीपर्यंत पुरायचं. मग भावाभावांची पाच घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची ती मिरगाला परत यायची. या पाच घरांना आम्ही मेळ म्हणायचो. वाटेत बागायतदारांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे काही दिवस कळप तिथं मुक्कामाला ठेवायचा. रानाला खत मिळतं, आपल्याला धान्य. मुक्कामाला चुली एका रांगेत मांडायच्या. मधली थोरल्या चुलत्यांची, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, आणि बाकीच्यांच्या तिला लागून दोन्ही अंगांना. आमची मात्र रांगेत नसायची. ती वीस-पंचवीस पावलं लांब, पार कडेला, लांडगा आला तर आधी जिथं येईल त्या बाजूला.

शाळेच्या सुट्टीत मी मुक्कामाला जायची तेव्हा ही जागा मला फार आवडायची. तिथं बायकांची कलकल नव्हती, चुलत भावंडांची भांडणं नव्हती. आबा घोंगड्यावर पाय पसरून बसायचे आणि रांगेकडं पाठ करून कळपाकडं बघायचे. भावकी त्यांना चेष्टेनं 'वाईकर' म्हणायची, ते हसायचे पण उलट बोलायचे नाहीत. पुढं मी कादंबऱ्या वाचायला लागले तेव्हा पानापानावर वाटायचं, या माणसाला मी ओळखते, हा आमच्या चुलीपाशी बसलेला असतो. माणसांत राहून माणसांचा न झालेला. आबांनी कडेची जागा निवडली तशी मीही निवडली, असं मी ठरवून टाकलं आणि त्या आधारावर आयुष्य काढलं.

सुट्टीत म्हटलं, कारण एरवी मी वाईला असायची. गावच्या गुरुजींनी खटपट करून पाचवीपासून मला तिथल्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. टँकरचं पाणी वाटून पिणाऱ्या पोरीला कृष्णेचं एवढं पाणी बघून आधी भीतीच वाटली. माझी मराठी कानडी वळणाची, आईला मी अव्वा म्हणते यावर मुली आठवडाभर हसल्या. थंडीच्या दिवसांत आबा आणि अव्वा नदीपलीकडं मेंढरं घेऊन मुक्कामाला असायचे. मेळाची वाट तिकडूनच जाते असं मी धरून चालले होते. दर रविवारी अव्वा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची. पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं, वसतिगृहाच्या दारात नको, घाटावर येत जा. का, ते तिनं विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं ती घाटावरच आली. आबा तर पाणी ओलांडूनही आले नाहीत.

अव्वा तीन वर्षांपूर्वी गेली. आबांच्या गुडघ्यांनी त्याआधीच संप पुकारला होता, मेंढरं विकून झाली होती. मी त्यांना इस्लामपूरला घेऊन आले. सोफ्यावर ते एकदाही बसले नाहीत. गॅलरीत घोंगडं टाकून बसतात आणि समोरच्या उसाकडं बघतात. माझ्या जेवणाचा डबा बाहेरून येतो, त्यात त्यांचा एक वाढवला. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही. 'दोन परकी माणसं एका घरात सुखानं राहतायत,' असं मी मैत्रिणींना फोनवर सांगायची, आणि हे वाक्य मला जमलंय असंही वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या एका वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय नेहमीचाच, परका नायक. आबांना दिवसभर एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर नेलं. ते पटका बांधून मागच्या रांगेत बसले. मी तासभर बोलले. या नायकाकडं ना देव असतो ना भावकी, म्हणाले, त्याच्याकडं एकच गोष्ट असते. जे केलं ते मी केलं, असं तो म्हणतो. ते नशिबावर ढकलत नाही आणि त्यातून सवलतही मागत नाही. एवढ्यापुरता तो मोकळा असतो.

इथं थांबायला हवं होतं. पण समोरचे लोक मन लावून ऐकत होते आणि मला चढलं. मी म्हणाले, अशा माणसाला शोधायला परदेशी कादंबरीत जायची गरज नाही, तो या सभागृहात मागं बसलाय. मग कडेच्या चुलीचं सांगितलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर आपली चूल रांगेबाहेर मांडली, ते कळपाबरोबर चालले पण कळपाचे झाले नाहीत, असं बरंच काही. लोकांनी माना वळवून आबांकडं पाहिलं, टाळ्या वाजवल्या. कार्यकर्त्यांनी त्यांनाही शाल आणि नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ते नारळ मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "त्ये चुलीचं कशाला सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं की आबा. लोकांना किती आवडलं."

"लोकांस्नी काय म्हाईत. कडंची चूल म्हंजे शिक्षा आसती."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण आबा चेष्टा करत नाहीत. एसटीच्या खडखडाटात, समोरच्या सीटच्या दांडीला धरून, त्यांनी मला जे सांगितलं ते आमच्या मेळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हंगामाला मेळ एकदा निघाला की मिरगापर्यंत फुटायचं नाही, असा नियम. एक घर वेगळं गेलं तरी राखणीला माणसं कमी पडतात आणि लांडग्याचा फटका मागच्यांना बसतो. म्हणून जो मेळ मोडून जाईल त्याची चूल, परत आल्यावर, कडेला. आबा मेळ मोडून गेले होते, आणि एकदा नव्हे, ओळीनं सहा हिवाळे. मेळाची वाट इस्लामपूर-कराडवरून कोकणाच्या अंगाला जायची. वाईच्या बाजूला आमचं कुणी कधीच गेलेलं नव्हतं. तिथं ओळखीचा एक शेतकरी नाही, मेंढरं बसवू का म्हणून बांधाबांधाला विचारत हिंडावं लागायचं. पहिल्याच वर्षी दोघांच्या राखणीत लांडग्यानं अकरा मेंढरं नेली.

"मग गेलात कशाला?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"तू लय रडत व्हतीस म्हनं. गुर्जींनी सांगावा धाडला. तुझी अव्वा काय ऐकंना. म्हनली, पोरीला आपला धूर तरी दिसू द्या. मंग धूर दिसंल आशी जागा धरली." एसटी एका थांब्यावर थांबली, दोन माणसं उतरली. ती निघाल्यावर आबांनी विचारलं, "तुला दिसायचा का धूर?"

दिसायचा, एवढं म्हणून टाकणं किती सोपं होतं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, त्याला तेवढंच ऐकायचं होतं. पण दोनच तासांपूर्वी मी भर सभेत सांगून आले होते, की केलेलं केलं म्हणायचं. आणि खरं असं होतं, की पहिल्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन तो धूर बघायची. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं आली. मग मी त्याच गच्चीवर वाचत बसायची, नदीकडं पाठ करून, कारण त्या बाजूनं ऊन डोळ्यांवर यायचं.

"पहिल्या वर्षी रोज बघत होते आबा," मी म्हणाले. "मग बघायचं सोडलं. पुस्तकं वाचत बसायची."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं की. रमलीस म्हंजे. आमाला त्येवढंच पायजे व्हतं."

मी खिडकीकडं तोंड केलं आणि रडले. हे सांगायला आता लाज वाटत नाही. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी आठवली. ह्याला डबा कोण देतं, हा सगळ्या व्याख्यानात न आलेला प्रश्न तिनं अठराव्या वर्षी विचारला होता, आणि मला पन्नाशी उलटून गेल्यावरही तो नीट ऐकू आला नव्हता. मी एकटी बसून परक्या नायकांची दुःखं वाचत होते, तेव्हा माझी आई भाकरी घेऊन नदी ओलांडत होती. ज्याला मी वडिलांचा वारसा म्हणून मिरवलं, तो त्यांनी माझ्यापायी भोगलेला दंड होता.

घरी आल्यावर आबा हात-पाय धुऊन गॅलरीत बसले. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाले, "दादाचा मेळ हितंच उतरलाय. कारखान्याच्या रस्त्याला, तोडणी झाल्याल्या रानात. म्हैना झाला म्हनं."

दादा म्हणजे तात्या. महिनाभर त्यांना ते माहीत होतं, आणि महिनाभर मी त्यांच्यासमोर कादंबऱ्या वाचत बसले होते. "मग जायचं का?" मी विचारलं.

"बोलवल्याबिगर?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी रिक्षा बोलावली आणि त्यांना काही बोलू दिलं नाही.

मेळात आता चारच चुली होत्या. सामान वाहायला घोडी नव्हती, एक टेम्पो उभा होता, आणि मोबाइल चार्ज करायला त्याच्या टपावर सौर पत्रा. बाकी काही बदललं नव्हतं. तात्यांना आता फार कमी दिसतं. चुलतीनंच आधी ओळखलं. "आवं, वाईकर आलं बगा," ती म्हणाली. चाळीस वर्षांनी मला त्या नावाचा अर्थ कळला होता. दोघं भाऊ एकमेकांच्या हाताला धरून नुसतेच उभे राहिले. अव्वाच्या दहाव्यानंतर ते भेटले नव्हते.

मला राहवलं नाही. मी तात्यांसमोर बसले आणि सांगितलं, "तात्या, आमची चूल माझ्यामुळं कडेला गेली. मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

"समद्या मेळाला म्हाईत व्हतं," तात्या म्हणाले. "तुला न्हवतं व्हय?"

"मग एवढी वर्षं ती परत रांगेत का घेतली नाही?" माझा आवाज चढला. मी भांडायलाच आले होते बहुतेक, कुणाशी तरी. "दहावी झाल्यावर मी वाई सोडली. त्यानंतर आबांनी कधी मेळ मोडला का?"

तात्या रागावले नाहीत. "आमी कोन घेनार? रीत हाय. ज्याची चूल कडंला गेली त्येनं समद्यांम्होरं यायचं आन चुकलो म्हनायचं. एक सबूद. म्हनला की चूल जाग्याला. आमी दर दिवाळीला वाट बघायचो. तुझ्या चुलतीनं तर दगड आनून ठेवल्यालं आसायचं. ह्यो काय म्हनला न्हाई."

मी आबांकडं वळले. एसटीत त्यांनी सगळं सांगितलं होतं, हे सोडून.

"चुकलो न्हवतो," आबा म्हणाले. "मंग म्हनू कसा?"

"आता तरी म्हन की धाकल्या," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात हुकूम नव्हता, विनवणीच होती. "दोघं बी म्हातारं झालो. कशाला धरून बसतोस?"

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा बांधला. "न्हाई दादा. मेळ मोडला, त्येची शिक्षा बरूबर हाय, ती मी घेतली. पर पोरीकडं गेलो ती चूक न्हवती. चुकलो म्हनलो तर त्ये खोटं व्हईल. आन हितं तिच्याम्होरं तर न्हाईच म्हननार."

माझ्याजवळ अठ्ठावीस वर्षांची टिपणं होती, त्यातलं एकही मला आठवलं नाही. माणसांपासून सुटण्यालाच मी मोकळं होणं म्हणत आले होते. हा माणूस तर कुणापासूनच सुटला नव्हता. भावाची शिक्षा त्यानं मान्य केली, बायकोचं ऐकलं, पोरीच्या मागं गेला, आणि या सगळ्यात एक शब्द तेवढा कुणाला दिला नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त, स्वतःची कीव आली.

चुलतीनं मधल्या चुलीवर चहा टाकायला घेतला. तेवढ्यात आबा उठले आणि सवयीनं चालत रांगेपासून वीस-पंचवीस पावलांवर जाऊन बसले. घोंगडं पसरलं, कळपाकडं तोंड केलं. चुलती हातातलं भांडं तसंच धरून राहिली.

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि बांधावरून तीन दगड उचलले. चूल मी जन्मात कधी मांडली नव्हती, ते काम अव्वाचं. दगड डगमगत होते. आबांनी एक दगड फिरवून बसवला, तेव्हा भांडं टेकलं. चुलतीकडून चहापत्ती, साखर आणि पाणी मागून आणलं. उसाचं पाचट पेटवलं ते आधी नुसतंच धुमसलं, डोळ्यांत पाणी आलं. चहाला उकळी यायला फार वेळ लागला.

मागं काठीचा आवाज झाला. चुलतीच्या खांद्याला धरून तात्या येत होते. कडेच्या माणसानं चहा-भाकरीला रांगेत यायचं नाही, असा नियम होता. रांगेतल्या माणसानं कडेला जाऊन बसायचं नाही, असा नव्हता. चाळीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल. ते आबांच्या घोंगड्यावर बसले. मी त्यांच्या हातात पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, धुराच्या वासाकडं नाक वळवलं आणि भावाला विचारलं, "मंग पोरीला दिसायचा व्हय रं धूर?"

"दिसायचा की," आबा म्हणाले.

मी चुलीत आणखी पाचट सारलं.